लाखांचा माइक आणि दहा बाय दहाची खोली

आमच्या सुगम संगीताच्या व्हॉट्सॲप ग्रुपवर दोन आठवडे एक निरोप फिरतोय. सारांश असा: घरच्या रेकॉर्डिंगला स्टुडिओचा दर्जा हवा तर थेट नॉयमन यू ८७ घ्या; महाग माइक बाहेरचा गोंगाट घेत नाही, त्याची स्वतःची खरखर सगळ्यात कमी, मोठे गायक त्याच्यावरच गातात, भिंतींना अंड्याचे ट्रे लावले की खोली तयार, आणि पैसे कधी बुडत नाहीत. परवा ग्रुपमधल्या एका काकांनी एफडी मोडायची भाषा केली, म्हणून हे लिहायला बसलो. (नॉयमन हा जर्मन उच्चार. दुकानात 'न्यूमन' म्हणालात तरी काढून दाखवतात.)

'महाग माइक बाहेरचा गोंगाट घेत नाही.' माइकला तुमचा षड्ज आणि शेजारच्या कुकरची शिट्टी यांतला फरक कळत नाही. हवा जशी हलेल तसं तो नोंदवतो, आणि यू ८७ हे काम फार इमानदारीने करतो. कार्डिओइड पॅटर्नमध्ये (पॅटर्न म्हणजे माइक कुठल्या दिशेचं ऐकतो ते; कार्डिओइड म्हणजे मुख्यतः समोरचं) तो पाठीमागून बराच बहिरा असतो, तेवढाच काय तो आधार. पुण्यात गणपतीच्या आधी नदीपात्रात ढोल-ताशा पथकांचा सराव सुरू झाला, की म्हात्रे पुलाजवळ राहणाऱ्याने संध्याकाळी कुठलाही माइक लावावा, ढोल येणारच.

यावर कोणीतरी लगेच उलटं ठोकून दिलं: 'कंडेन्सर लांबचा आवाज ओढतो, डायनॅमिक ओढत नाही.' (कंडेन्सर म्हणजे यू ८७ सारखा, वीज लागणारा संवेदनशील माइक; डायनॅमिक म्हणजे तारेच्या वेटोळ्यावर चालणारा रांगडा माइक.) हेही अर्धवटच. यू ८७ एआय, म्हणजे यू ८७ चं आजचं मॉडेल, एक पास्कल दाबाच्या आवाजाला २८ मिलिव्होल्ट देतो, शुअर कंपनीचा डायनॅमिक एसएम७बी तेवढ्याच आवाजाला जेमतेम १.१२. म्हणजे पंचवीस पट फरक. पण गेन, म्हणजे माइकचा आवाज वाढवायचं प्रमाण, कमी केला की तुमचा गळा आणि शेजारचा कुकर दोन्ही सारखेच खाली येतात. खरा फरक असतो तोंड आणि माइक यांच्यातल्या अंतराचा. कंडेन्सरसमोर आपण वीतभर लांब उभे राहतो, डायनॅमिकला ओठ जवळजवळ टेकवतो. वीतभराचं अंतर अर्धं करा, तुमचा आवाज ६ डेसिबलने वाढतो आणि खोलीचा तेवढाच राहतो. मात्र फार जवळ गेलात की खर्ज फुगतो आणि 'भ', 'फ'चे फटके बसतात, तेव्हा पॉप फिल्टर, म्हणजे माइकपुढची जाळी, हवाच.

'खरखर सगळ्यात कमी.' कंपन्यांचे आकडे बघा. यू ८७ एआयचा स्वतःचा आवाज कार्डिओइडमध्ये १२ डेसिबल-ए (म्हणजे कानाला जाणवेल तसं मोजलेले डेसिबल). नॉयमनचाच, त्याहून स्वस्त टीएलएम १०३ हा ७ वर आहे, आणि यू ८७ च्या दहा टक्केही किंमत नसलेला रोड कंपनीचा एनटी१ तर ४.५ वर. पंखा बंद केलेली शांत खोलीसुद्धा तीसेक डेसिबलची असते, त्यामुळे या भांडणात फारसा अर्थही नाही.

'मोठे गायक त्याच्यावरच गातात.' १९६७ पासून हा माइक स्टुडिओंमध्ये आहे आणि त्याचा मान खराच आहे. पण १९८२ च्या 'थ्रिलर'मधलं मायकेल जॅक्सनचं बरंचसं गाणं अभियंता ब्रूस स्वीडियन यांनी शुअर एसएम७वर, म्हणजे एका डायनॅमिकवर घेतलं होतं. त्याचा आजचा अवतार एसएम७बी. त्याला गेन मात्र भरपूर लागतो. स्वस्त इंटरफेसवर (माइक कॉम्प्युटरला जोडणाऱ्या डब्यावर) तेवढा गेन दिला की फसफस ऐकू येते, हे निरोप लिहिणाऱ्याला माहीत असतं तर त्याने आनंदाने वापरलं असतं.

आता ते अंड्याचे ट्रे. एवढी पातळ, हलकी लगद्याची वस्तू खालचे स्वर शोषूच शकत नाही, वर चटकन पेट घेते. आपल्याकडची खोली म्हणजे दहा बाय दहा फूट, खाली गुळगुळीत टाइल्स. दहा फुटांच्या दोन समोरासमोरच्या भिंतींमध्ये साधारण ५६ हर्ट्झ आणि त्याच्या पटीतले स्वर घुमतात: ५६, ११३, १६९. लांबी-रुंदी सारखीच, म्हणून दोन्हीकडून तेच स्वर फुगतात. ११३ हर्ट्झ म्हणजे पुरुषाच्या बोलण्याचा ऐन पाया. काकांचा आवाज रेकॉर्डिंगमध्ये मडक्यातून आल्यासारखा वाटतो तो यामुळे, आणि यू ८७ ते मडकं आणखी स्पष्ट ऐकवेल. कोपऱ्यांत उभ्या केलेल्या कापसाच्या जाड गाद्या, कपड्यांनी गच्च भरलेलं उघडं कपाट, खाली सतरंजी, यांनी जेवढं होतं तेवढं ट्रेंनी होत नाही. गोधडी टांगायची ती गाणाऱ्याच्या पाठीमागे, कारण माइकचं तोंड तिकडे असतं. मी पहिले दोन महिने ती माइकच्या मागे टांगून बसलो होतो, जिकडे तो बहिराच आहे.

'पैसे बुडत नाहीत.' हे बरंचसं खरं. चांगल्या स्थितीतल्या यू ८७ ला गिऱ्हाईक मिळतं. पण नकली मालही फिरतो, तेव्हा अधिकृत विक्रेत्याकडून पक्कं बिल घ्या. पावसाळ्यात उघडा ठेवू नका. डब्यात सिलिका जेलच्या पुड्या घालून बंद करा. आणि तीन पॅटर्नचे पैसे मोजून घरी आयुष्यभर एकच वापरणार असाल, तर टीएलएम १०३ आधी ऐका.

ऐका म्हणजे स्वतःच्या गळ्यावर. माझ्या मावसबहिणीचा आवाज बारीक आणि टोकदार आहे, 'स' आणि 'च' कानात घुसतात. एरंडवण्यातला एक स्टुडिओ दोन तासांसाठी घेतला, तीन माइकांवर तेच कडवं म्हणायला लावलं आणि फायलींना नावाऐवजी नुसते आकडे दिले. तिने न बघता निवडला तो एसएम७बी. काकांना फोन करून सांगितलं. ते म्हणाले, "पुढच्या वेळी जाशील तेव्हा मलाही घेऊन चल."