सातांत न बसणारं गळू

गळू कुठे झालं होतं ते लंडनमधल्या अख्ख्या हॅरोला कळलंय, तर तुमच्यापासून कशाला लपवू. बसायच्या जागी, डावीकडे. आज बसून लिहितोय, एवढी प्रगती आहे.

इंग्लंडात जीपीकडे, म्हणजे आपल्या फॅमिली डॉक्टरकडे, नंबर लावायचा म्हणजे सकाळी आठला फोन. सात एकोणसाठला लावला तर रेकॉर्डवरची बाई सांगते सर्जरी अजून उघडली नाही, आणि आठ वाजून तीन सेकंदांनी लावला तर तीच बाई सांगते आपण रांगेत एकोणिसावे आहात. (सर्जरी म्हणजे इथे नुसता दवाखाना. पहिल्या वर्षी मी आईला फोनवर "सर्जरीत चाललोय" म्हणालो तर ती डोंबिवलीत देव पाण्यात घालून बसली होती.) एकोणीस, चौदा, नऊ करत आठ चोवीसला मी दुसरा झालो आणि फोन कट. परत लावला तर सत्ताविसावा. म्हटलं खड्ड्यात गेला तो फोन, चालत जाऊ. बसने गेलो असतो, पण मग वीस मिनिटं उभ्याने "नो, नो, आय ॲम फाइन" करत बसावं लागतं, म्हणजे बसावं नाही, तेच तर.

सर्जरीत काचेमागे रिसेप्शनिस्ट. आता त्यांना केअर नेव्हिगेटर म्हणायचं. जमिनीवर पिवळी पट्टी, 'पुढच्या पेशंटच्या प्रायव्हसीसाठी येथे थांबा', आणि काचेला भोकं अशी बारीक की ओरडल्याशिवाय पलीकडे काही पोचत नाही.

"काय होतंय?"

"गळू."

"कुठे?"

"मागे."

"पाठीवर?"

"जरा खाली."

"कमरेवर?"

"अजून खाली."

लिफ्टसारखे आम्ही एकेक मजला उतरत होतो. शेवटी मी हळूच "बॉटम" म्हणालो, ते तिला ऐकू गेलं नाही, म्हणून परत म्हणालो, ते सगळ्यांना गेलं.

आजच्या अपॉइंटमेंट संपल्या. २०२३ पासून इथल्या जीपींच्या करारातच आहे की 'उद्या परत फोन करा' सांगून पेशंटला कटवायचं नाही, पहिल्या खेपेलाच काहीतरी मार्ग दाखवायचा. तिने दाखवला. दाराचा. ऑनलाइन फॉर्म भर, नाहीतर फार्मसीत विचार.

"फार्मसी में नहीं चलेगा," मागून आवाज आला.

वळून बघतो तर एक गुजराती काका. सत्तरीच्या पुढचे, अंगात जाड जॅकेट, पायात मोज्यांवर चपला, मांडीवर ठेपल्यांचा डबा. त्यांना कोणी काही विचारलं नव्हतं. त्यांना काय झालं होतं ते मला शेवटपर्यंत कळलं नाही, माझी खात्री आहे की काही झालं नव्हतं, तिथे हीटर चांगला आहे. १९७२ साली युगांडातून आलेले. "इदी अमीन ने भी नब्बे दिन दिया था," काचेकडे बोट करून म्हणाले, "ये लोग दस मिनट देता है, वो भी फोन पे."

मग म्हणाले, फार्मसी फर्स्ट नावाची स्कीम आहे. २०२४ पासून केमिस्ट डॉक्टरशिवाय औषध देतो, पण फक्त सात आजारांना. आणि बोटं मोडायला लागले.

"साइनस है?"

"नाही."

"गला?"

"नाही हो, माझं—"

"मालूम है तेरा क्या है, सब को मालूम है. कान?"

म्हटलं कान म्हणा हवं तर.

"कान नहीं चलेगा, सत्रह साल तक ही है. तेरी उमर?"

"एकेचाळीस."

"गया. शिंगल्स?"

शिंगल्स म्हणजे आपली नागीण. नाही.

"युरिन का वो लेडीज का है. इम्पेटिगो, वो तू बोल नहीं पाएगा." मग सातवं बोट धरून काका थांबले, आणि त्यांचा चेहरा असा उजळला की जणू लॉटरी मला नाही त्यांनाच लागली. "इन्सेक्ट बाइट! कीडा काटा बोल ना!"

"पण काका, कीडा नाही चावला."

"तुझे क्या पता? पीछे तू देखता है?"

यावर माझ्याकडे खरोखर उत्तर नव्हतं. बाबागाडी घेऊन बसलेली एक बाई मान डोलवत होती, तिला हिंदी येत नसणार, पण मुद्दा पटला होता. म्हटलं काका, फेब्रुवारी आहे, इथे माशी पण नाही. "इंडिया गया था बोल," काका म्हणाले, आणि एक ठेपला पुढे केला. मी उभ्याने खाल्ला.

आणि मी खरंच गेलो हो फार्मसीत. एकेचाळीस वर्षांचा माणूस, केमिस्टच्या कपाटाएवढ्या खोलीत, "मच्छर" म्हणाला. ती पोरगी म्हणाली किती दिवसांपूर्वी, कुठे, ताप आला होता का, आणि तिसऱ्या प्रश्नाला मी फुटलो. गळू नाही, मी. ती म्हणाली हे आमच्या यादीत नाही, जीपीला फोन करा. सकाळी आठला.

इथे मात्र माझं डोकं फिरलं. इथल्या लोकांना फुकट असेल, आम्ही व्हिसाच्या वेळी हेल्थ सरचार्ज म्हणून मोठ्या माणसामागे वर्षाला १०३५ पौंड आगाऊ भरलेत, पगारातून कापतात ते वेगळंच. एवढे पैसे घेऊन कोणीतरी बघा रे एकदा. नुसतं बघा. डोंबिवलीचे आमचे डॉक्टर चाळीस पेशंट बाहेर बसवून ठेवायचे, कंपाउंडर खेकसायचा, सगळं मान्य, पण पडद्यामागे गेलं की ते बघायचे तरी.

रात्री फॉर्म भरला. त्यात फोटो जोडा म्हणे. बायकोने काढला, अंदाज यावा म्हणून शेजारी एक पौंडाचं नाणं धरून, आणि ते नाणं नंतर माझ्याच पाकिटात टाकलं. दोन दिवसांनी मेसेज: कोमट पाण्याच्या फडक्याने शेका, दाबू नका, वाढलं तर कळवा. आईने पहिल्याच दिवशी व्हॉट्सॲपवर अळशीचं पोटीस सांगितलं होतं, सरचार्ज न घेता.

गुरुवारी ते आपोआप फुटलं, मेट्रोपॉलिटन लाइनच्या ट्रेनमध्ये, वेम्बली पार्कच्या अलीकडे. त्याबद्दल जास्त बोलत नाही. शुक्रवारी सर्जरीचा मेसेज आला, आमच्या सेवेचा तुमचा अनुभव कसा होता.

शनिवारी भाजी आणायला त्याच रस्त्याने गेलो. काका बस स्टॉपवर, डबा मांडीवर. मी मान खाली घालून पलीकडच्या फुटपाथने निघालो होतो. दोन्ही बाजूंच्या गाड्यांच्या वरून आवाज आला,

"फूटा के?"