'ये, पण पेटीला हात लावू नको' : एका प्रतिक्रियेला उत्तर

सलाम भाऊ,

तुम्ही सही 'एक विश्वासी' अशी केली आहे, म्हणून भाऊच म्हणते. प्रतिक्रिया लांब आहे, रागाने लिहिली आहे, पण शिवराळ नाही. त्या लेखावर आलेल्या बाकीच्यांपैकी निम्म्या तर मला छापताच येणार नाहीत. तेव्हा आधी आभार.

ज्यांनी मूळ लेख वाचला नाही त्यांच्यासाठी थोडक्यात सांगते. आमच्या मंडळीत, म्हणजे चर्चमध्ये, एक पोरगा पेटी वाजवायचा. त्याला पुरुषांचंच आकर्षण आहे, हे मोबाइलवरच्या एका निरोपावरून घरात कळलं. घरातून गल्लीत गेलं, गल्लीतून मंडळीत. कमिटी बसली आणि ठरलं की त्याने उपासनेला यावं, देवाचं घर सगळ्यांचं आहे, मात्र पेटीवर बसू नये, संडे स्कूलला शिकवू नये आणि प्रभुभोजन, म्हणजे उपासनेतली भाकर आणि द्राक्षरस, 'तूर्तास' घेऊ नये. याला स्वागत म्हणत नाहीत, असं मी लिहिलं. त्यावर तुमचं म्हणणं असं: पवित्र शास्त्र या बाबतीत स्पष्ट आहे. हे खूळ मुंबई-पुण्याचं, मूळ परदेशातलं, आपल्या खेड्यात कधी नव्हतं. पाप्यावर प्रेम करावं, पापाला मान्यता देऊ नये. आपल्यावर आधीच धर्मांतराचा ठपका, त्यात हे नवं कोलीत कशाला? आणि शेवटी, लेख काढून टाका, त्याने त्या पोराचंच नुकसान होतंय.

शेवटापासून सुरुवात करते, कारण तिथे तुमचं बरोबर आहे. लेखात मी त्याच्या घरचा धंदा लिहिला होता आणि गावाची एक खूण दिली होती. आजूबाजूच्या दोन तालुक्यांत ख्रिस्ती घरं किती? ओळखायला तेवढं पुरे झालं. लेख टाकण्याआधी त्याला वाचून दाखवला होता आणि तो 'हो' म्हणाला होता, हे खरं. पण चौथीत ज्यांनी पाढे पाठ करून घेतले त्या बाईंना तो 'नाही' कसा म्हणणार, हे माझ्या डोक्यात यायला हवं होतं. त्या ओळी बदलल्या आहेत. इथेही वय, घर, गाव मुद्दाम इकडचं तिकडे केलं आहे.

आता शास्त्राकडे. समलैंगिकतेविरुद्धची वचनं म्हणून तुम्ही लेवीय १८ आणि २०, रोमकरांस १ आणि पहिले करिंथ ६ दिलेत, आणि देवाने नाश केलेलं सदोम शहर तर आहेच. सदोमाचं आधी मिटवू. यहेज्केल १६:४९ काढा. सदोमाचा अपराध काय होता ते संदेष्टा स्वतः सांगतो: गर्व, पोटभर अन्न, निश्चिंत आराम, आणि गरिबाला हात न देणं. हे वाचून आपल्या मंडळीत कोणाकोणाला घाम फुटायला हवा याचा विचार मी बरेचदा करते.

त्याच यहेज्केलाचा अठरावा अध्यायही वाचा. तिथे अमंगळ कृत्यांच्या यादीत व्याजाने पैसे देणं आहे. लेवीय २५ मध्येही गरीब भावाकडून व्याज घेऊ नको असं लिहिलं आहे. आणि आपण कुठे राहतो? यवतमाळ जिल्ह्यात. बोंडअळीच्या वर्षी वावर गहाण कसं पडतं आणि शेकडा पाचने घेतलेले पैसे दुसऱ्या पोळ्यापर्यंत कुठे जाऊन पोचतात, ते तुम्हाला मी सांगायला नको. पोराचा निकाल लावायला जी कमिटी बसली तिच्यातले एक जण हाच धंदा करतात, आणि दर रविवारी दानाची थैली तेच फिरवतात. त्यांचं प्रभुभोजन कोणी थांबवलं नाही. थांबवावं असंही मी म्हणत नाही. पण 'शास्त्र स्पष्ट आहे' हे वाक्य आपण कोणापुढे उच्चारतो आणि कोणापुढे गिळतो, एवढं बघा.

रोमकरांसचा पहिला अध्याय मात्र मला सोपा जात नाही, उगाच खोटं बोलणार नाही. तो मी कित्येकदा वाचला आहे. ही पत्रं लिहिणारा प्रेषित पौल तिथे मूर्तिपूजेतून सुटलेल्या बेफाम वासनेबद्दल बोलतो, आणि आमचा पेटीवाला त्या वर्णनात मला बसवता येत नाही. करिंथच्या पत्रात जो समलैंगिकांसाठीच आहे असं म्हणतात तो 'अर्सेनोकोइताय' हा मूळ ग्रीक शब्द पौलाआधीच्या कुठल्या उपलब्ध लिखाणात सापडत नाही. त्याचा नेमका रोख कोणावर, यावर विद्वान अजून भांडतात. आणि पहिला अध्याय संपल्यावर लगेच दुसऱ्याच्या पहिल्याच ओळीत पौल वाचणाऱ्याकडे वळतो: दुसऱ्याचा न्याय करणाऱ्या माणसा, तुला सबब नाही. अध्यायांचे आकडे पौलाने घातलेले नाहीत, ते फार नंतर आले. आपण आकडा दिसला की थांबतो, एवढंच.

मी पंडिता नाही, हे तुम्ही म्हणालात ते कबूल. पण आपल्या यवतमाळात १९५३ ते १९८३ अशी तीस वर्षं युनियन बिब्लिकल सेमिनरी होती, नंतर ती पुण्याला गेली. तिथून शिकून आलेले एक म्हातारे पाळक आम्हाला बायबल शिकवायचे. एक वचन वाचलं की त्याच्या मागचं आणि पुढचं पान वाचल्याशिवाय ते पुस्तक मिटू देत नसत. ही सवय त्यांची, माझी हुशारी नाही.

'पाप्यावर प्रेम, पापाचा द्वेष' हे वाक्य शास्त्रात नाही भाऊ. त्याच्या जवळपासचं काहीतरी संत ऑगस्टिनच्या एका पत्रात आहे. पण असू द्या, वाक्य कोणाचं का असेना. या पोराच्या वाट्याला आलेलं ते प्रेम कसं होतं ते सांगते. बापाने त्याला बाहेरगावच्या एका प्रार्थनेला नेलं. संध्याकाळी सात वाजता सुरू झालं. दोघांनी खांदे धरले, एकाने कपाळावर खोबरेल तेल चोळलं, आणि कानाशी तोंड नेऊन 'नीघ, नीघ' ओरडणं चालू झालं. बसायचं नाही, पाणी नाही. रात्री दोनच्या सुमाराला पोरगा म्हणाला, "निघालं." सगळ्यांनी हालेलुया म्हटलं, बाप रडला. मला नंतर सांगताना तो हसत होता: "बाई, काही निघालं नव्हतं. मले पायच दुखून राहिले होते."

डॉक्टरकडेही नेऊन झालं. त्या डॉक्टरांनी 'पूर्ण बरं करतो' म्हणून गोळ्या दिल्या. जागतिक आरोग्य संघटनेने १९९० सालीच समलैंगिकता आजारांच्या यादीतून काढली. भारतीय मानसोपचारतज्ज्ञांच्या संघटनेने २०१८ मध्ये हा आजार नाही असं जाहीर केलं. मद्रास उच्च न्यायालयाच्या २०२१ च्या आदेशानंतर, २०२२ मध्ये राष्ट्रीय वैद्यकीय आयोगाने असले 'बदलण्याचे' उपचार म्हणजे व्यावसायिक गैरवर्तन ठरवलं. म्हणजे जे करायला डॉक्टरला बंदी आहे ते आपण तेलाची बाटली घेऊन करतो, वर त्याला सेवा म्हणतो.

तुम्ही सुचवलंय, लग्न करून द्या, ठीक होईल. त्या पोरीचं काय? ती कोणाची तरी लेकच असेल ना, आपल्याच एखाद्या मंडळीतली. तिला काय सांगून आणणार? माझ्या नोकरीच्या काळात अशी एक सून मी जवळून पाहिली आहे. अकरा वर्षं ती 'मूल का होत नाही' याचं उत्तर सगळ्या गावाला देत राहिली. जास्त लिहीत नाही.

'परदेशातून आलेलं खूळ' हे वाचून मात्र मला हसू आलं, राग मानू नका. समलैंगिक संबंधांना गुन्हा ठरवणारं कलम ३७७ कोणी लिहिलं? १८६० च्या दंडसंहितेत ते इंग्रजांनी घातलं. मिशनरी स्टीफन हिस्लॉप त्याच्या पंधराच वर्षं आधी, १८४५ मध्ये, नागपूरला आले होते. आपली मिशन शाळा, आपली उपासना आणि ते कलम, सगळं एकाच बंदरातून आलं म्हणा ना. सर्वोच्च न्यायालयाने ६ सप्टेंबर २०१८ ला प्रौढांच्या संमतीच्या संबंधांपुरतं ते रद्द केलं. लग्नाची कायदेशीर मान्यता २०२३ च्या निकालातही मिळाली नाही, आणि मंडळीत लग्न लावा असं माझ्या लेखात कुठे लिहिलेलंही नाही. ते भांडण तुम्ही दुसऱ्या कोणाशी तरी करताय.

आणि खेड्यात नव्हतं म्हणता, तर एक आठवण सांगते. माझ्या लहानपणी मिशन दवाखान्याच्या क्वार्टरमध्ये दोन सिस्टर एकत्र राहायच्या. आम्ही त्यांना मोठ्या सिस्टर आणि धाकट्या सिस्टर म्हणायचो. एक चूल, एक कोंबड्यांचं खुराडं, आणि दोघींच्या दोन छत्र्या एकाच खिळ्याला. अशी तीस-बत्तीस वर्षं गेली. त्या एकमेकींच्या कोण होत्या ते मला माहीत नाही, कोणी कधी विचारलं नाही, आज मीही तर्क करणार नाही. मोठ्या सिस्टर गेल्या तेव्हा शवपेटीजवळच्या खुर्चीत, माती देताना पुढे, नागपूरहून आलेला पुतण्या. तो त्यांना आयुष्यात चार वेळा भेटला असेल. धाकट्या सिस्टर तिसऱ्या रांगेत, आम्हा पोरीसोरींच्या मध्ये बसल्या होत्या. त्यांच्या मांडीवर दोन छत्र्या होत्या. पाळकांनी प्रार्थनेत 'शोकाकुल कुटुंब' म्हटलं, आणि त्यात त्यांचं नाव नव्हतं. मंडळीत कोणाला मान्य करायचं म्हणजे काय, असं तुम्ही विचारलंत. माझ्या डोक्यात पहिलं हेच येतं, की त्या दिवशी त्यांचं नाव घ्यायला हवं होतं.

धर्मांतराच्या ठपक्याची भीती खोटी नाही. घरप्रार्थनेला आवाज हळू करून गाणारी माणसं मीही पाहते. पण बाहेरच्याच्या भीतीने घरातल्याला बाहेर बसवायचं, हे आमच्या आजोबांना कोणी सांगितलं असतं तर ते ख्रिस्ती झालेच नसते. ते प्रवचन ऐकून आले नव्हते. त्यांना गावच्या विहिरीवर ओंजळीत वरून पाणी मिळायचं. मिशनच्या देवळात त्यांनी पाहिलं की एकच कप तोंडातोंडाने फिरतोय, आणि तो त्यांच्यापाशी येऊन थांबला. "कप थांबला म्हून मी थांबलो," असं ते सांगायचे. जात जन्माची असते, हे वागणं मर्जीचं आहे, असा तुमचा आक्षेप मला दिसतोय. दिवसाला दोन एस.टी. येणाऱ्या गावात, एकुलत्या एक पोराने, हे मर्जीने निवडलं असेल? तुम्हीच सांगा.

आता आमच्याकडे एक कप नाही, ट्रेमध्ये छोटे छोटे ग्लास असतात. मागच्या प्रभुभोजनाला तो शेवटून दुसऱ्या बाकावर होता, शेजारी एक म्हातारी. तिचे हात थरथरतात. ट्रे आला तेव्हा त्यानेच तो धरला, एक ग्लास उचलून तिच्या ओठांना लावला, रिकामा परत ठेवला आणि ट्रे पुढे दिला. स्वतः घेतला नाही. कमिटीचा ठराव तो कमिटीपेक्षा इमानाने पाळतो.

आणि पेटी कपाटात बंद आहे. त्या जागी ब्लूटूथ स्पीकर आलाय. गाणं सुरू झालं की स्पीकर पुढे आणि मंडळी अर्धा ठेका मागे. आमच्या बायका कडव्याच्या शेवटी श्वास घ्यायला थांबतात, विशेषतः सत्तरीच्या पुढच्या. तो पोरगा भाता ओढून तिथे सूर धरून ठेवायचा, सगळ्यांचा श्वास घेऊन झाला की पुढे सरकायचा. स्पीकर कोणासाठी थांबत नाही. परवा एक आजी चिडून म्हणाल्या, "त्या डब्ब्याले म्हणा, हळू चाल बाप्पा!" त्या ठरावाच्या बाजूच्याच आहेत, बरं का.

एकमत नसताना मंडळी फुटेल, असं तुम्हाला वाटतं. भाऊ, २९ नोव्हेंबर १९७० ला नागपुरातच चर्च ऑफ नॉर्थ इंडिया स्थापन झालं. वेगवेगळ्या पंथांच्या सहा मंडळ्या एकत्र आल्या. त्यांत तान्ह्या बाळाला बाप्तिस्मा देणारे होते आणि तो बाप्तिस्माच नव्हे असं मानणारेही होते. याहून मोठा मतभेद ख्रिस्ती माणसांत कुठला असतो? कोणी कोणाला मागच्या बाकावर पाठवलं नाही, दोन्ही रीती ठेवल्या. त्याच नागपुरात, सिव्हिल लाइन्समध्ये मुख्यालय असलेली नॅशनल कौन्सिल ऑफ चर्चेस लैंगिक विविधतेवर मंडळ्यांशी बोलत आली आहे. कॅथलिक भावंडांची शिकवण तर तुमच्या बाजूची, ते या संबंधांना पापच मानतात. तरी त्यांच्या धर्मशिक्षणग्रंथाच्या २३५८ व्या परिच्छेदात अशा माणसांना आदराने स्वीकारा, अन्याय्य भेदभाव टाळा असं लिहिलंय. मी त्यांच्याही पुढे जाते. तो जसा आहे त्यात बरं करण्यासारखं काही नाही, असं माझं मत आहे. तुमचं तसं नसेल. तरी पेटी वाजू शकते.

'तुमच्या घरात असा मुलगा असता तर?' असं विचारलंत. माझ्या घरात नाही. म्हणून मला हे लिहिणं सोपं जातं, आणि त्याच्या बापाला ते वाचणं अवघड जातं, हे मला कळतं. त्या बापाकडे मी दोनदा जाऊन आले. पहिल्यांदा त्याने चहा विचारला नाही, दुसऱ्यांदा विचारला.

लेख काढणार नाही. तुमची प्रतिक्रियाही काढणार नाही, ती लेखाखाली तशीच राहील. फक्त तिच्यातली सातवी ओळ मी खोडली आहे, जिथे तुम्ही त्याच्या मामाच्या गावाचं नाव लिहिलं होतं.