विधानसभेचे अध्यक्षपद 17 महिने रिकामे होते, ते लेखात राहून गेले
महाराष्ट्राच्या चौदाव्या विधानसभेचा (2019 ते 2024) आढावा घेणारा तुमचा लेख आवडला. एकाच कार्यकाळात फडणवीस, ठाकरे, शिंदे असे तीन मुख्यमंत्री आणि फडणवीस, अजित पवार, वडेट्टीवार असे तीन विरोधी पक्षनेते, ही मांडणी नेमकी आहे. (अजितदादांनी या काळात उपमुख्यमंत्रिपदाची शपथ तीनदा घेतली, तेही त्यात यायला हवे होते.)

पण अध्यक्षपदाबद्दल लेखात जेमतेम एक ओळ आहे, याचं वाईट वाटलं. नाना पटोले यांनी 4 फेब्रुवारी 2021 ला राजीनामा दिला आणि राहुल नार्वेकर निवडून आले 3 जुलै 2022 ला. मधले जवळपास 17 महिने 288 आमदारांच्या सभागृहाला अध्यक्षच नव्हता. उपाध्यक्ष नरहरी झिरवाळ यांनी काम सांभाळलं, घटनेच्या कलम 180 मध्ये तशी सोय आहे. पण कलम 178 म्हणतं की पद रिकामं झालं की सभागृहाने शक्य तितक्या लवकर नवा अध्यक्ष निवडावा. डिसेंबर 2021 मध्ये सरकारने गुप्त मतदानाऐवजी आवाजी मतदानाचा नियम केला, राज्यपालांनी निवडणुकीची तारीख दिली नाही, आणि पद तसंच रिकामं राहिलं.

जून 2022 मध्ये शिवसेनेतल्या बंडखोर आमदारांना अपात्रतेच्या नोटिसा काढायची वेळ आली, तेव्हा त्या उपाध्यक्षांनाच काढाव्या लागल्या. त्यांच्याविरुद्धच अविश्वासाची नोटीस आली आणि सगळं सर्वोच्च न्यायालयात गेलं. कृपया यावर स्वतंत्र लेख लिहा.