दगडाला कशाला उजेड?

“याचा पार किती?” एवढंच मी मत्स्यालयाच्या दुकानात विचारलं होतं. पार (PAR) म्हणजे वनस्पती-शैवालाला वापरता येणाऱ्या उजेडाचं माप. विक्रेत्याने दिव्याचं खोकं उलटंपालटं केलं, छापील आकड्यावर बोट ठेवलं आणि म्हणाला, “१६५ वॅट.” वॅट नको, पार सांगा, म्हटलं. त्याने खोकं पुन्हा फिरवलं. “वॉरंटी आहे.”

प्रकरण इथे मिटलं असतं. पण मागे एक गृहस्थ उभे होते. हातात पाण्याने फुगलेली प्लास्टिकची पिशवी, पिशवीत एक गोल्डफिश, आणि दुसऱ्याच्या खरेदीत लक्ष घालायला भरपूर सवड.

“अहो, साधी ट्यूबलाइट घ्या की! मासे काय वाचायला बसणार आहेत?”

विक्रेता हसला. खोकी रचणारा पोरगा हसला. गोल्डफिशचं तोंड उघडंच होतं, त्यामुळे त्याचं नक्की सांगता येत नाही.

दिवा माशांसाठी नाही, प्रवाळासाठी हवाय, असं मी शक्य तितक्या थंडपणे म्हटलं.

“प्रवाळ? म्हणजे हेच ना?” त्यांनी पिशवी डाव्या हातात घेतली (गोल्डफिश दोनदा गरगरला) आणि उजव्या हातातली अंगठी माझ्या नाकासमोर धरली. “पोवळं. अस्सल. वर्षानुवर्षं बोटात आहे. एक दिवस याला दिवा लावला नाही. रंग उतरलाय का, बघा!”

“ते मेलेलं आहे हो. सांगाडा आहे तो.”

“काहीतरीच काय! पावती आहे माझ्याकडे.”

“पावती असेल. पण जीव नाही.”

“आणि तुमच्याला आहे?”

“आहे.”

“मग ते खातं काय?”

“मुख्यतः उजेड.”

ते विक्रेत्याकडे वळले. “ऐकलंत? यांचा दगड उजेड खातो! आणि हे म्हणतायत वॅट नको. उपाशी मारतील बिचाऱ्याला.”

यावर मागच्या रांगेतलं कोणीतरीही हसलं. खरा संताप याचा, की स्वतःच्या अंगठीपुरतं त्यांचं बरोबर होतं. दागिन्यातलं लाल पोवळं खोल, अंधाऱ्या पाण्यात वाढतं, शरीरात शैवाल बाळगत नाही, आणि जिवंत असतानाही त्याला दिव्याची गरज नसते. हे मी त्यांना सांगितलं नाही. जिंकलेल्या माणसाच्या हाती वर पुरावाही कशाला द्यायचा?

हौशी टाकीत ठेवतात ती बहुतेक प्रवाळं मात्र वेगळी. त्यांच्या पेशींत झूझँथेली नावाचं एकपेशीय शैवाल भाडेकरू म्हणून राहतं. ते उजेडात साखर बनवतं आणि त्यातला मोठा वाटा भाड्यापोटी मालकाला देतं. म्हणून दिव्याचा प्रश्न शोभेचा नाही, अन्नाचा आहे. ४०० ते ७०० नॅनोमीटरच्या पट्ट्यातले किती फोटॉन दर सेकंदाला एका चौरस मीटरवर पडतात, ते मायक्रोमोलमध्ये मोजलं की झाला पार. वॅट म्हणजे फक्त विजेचं बिल. केल्विन म्हणजे उजेडाची छटा. आणि लुमेन हे माप माणसाच्या डोळ्यावर बेतलेलं, ज्याला ५५५ नॅनोमीटरच्या आसपासचा हिरवा उजेड सर्वांत प्रखर दिसतो. शैवालाला हवा असतो तो निळा, आणि लुमेनच्या हिशेबात निळा जवळजवळ भरतच नाही. तरीही खोक्यावर मोठ्या अक्षरांत छापतात ते वॅट आणि लुमेनच. मासे वाचत नाहीत म्हणे. खोकी तरी कोण वाचतं?

आकडे ध्यानात ठेवायला सोपे आहेत (पुढची सगळी नावं प्रवाळांचीच). मश्रूमला ५०च्या आसपास पार पुरतो. झोअँथिड आणि लेदर ५० ते १०० मध्ये खूश. हॅमर, टॉर्च, फ्रॉगस्पॉन यांना ७५ ते १५०. अॅक्रोपोराला २०० ते ३५०, आणि सोबत वर्षभर जम बसलेली, क्षार स्थिर असलेली टाकी. नवख्याने अॅक्रोपोराकडे बघूसुद्धा नये. म्हणजेच नवख्याला अॅक्रोपोराचा दिवाही नको, आणि इथेच निम्मा खर्च वाचतो.

स्वस्तात चालतो तो ‘ब्लॅक बॉक्स’. काळी पत्र्याची पेटी, आत ३ वॅटचे ५५ एलईडी, निळे आणि पांढरे असे दोन भाग, प्रत्येकाला आपलं बटण. ५५ गुणिले ३ म्हणजे १६५, हा गुणाकार कंपनीने केला. पेटी प्रत्यक्षात वीज ओढते ती बरीच कमी, साधारण १२० वॅट. हे कळल्यावर फसवल्यासारखं वाटतं, पण घाबरू नका, तेवढीसुद्धा जास्तच आहे. ६० सेंटिमीटर लांब, ४५ रुंद आणि ४५ उंच टाकीवर ही पेटी पूर्ण ताकदीने लावली तर मधल्या खडकावरची मऊ प्रवाळं आठवड्याभरात पांढरी पडू शकतात. उजेड अती झाला की शैवालाच्या पेशीत ऑक्सिजनचे घातक रेणू साचतात आणि प्रवाळ आपलाच भाडेकरू हाकलून देतं. उजेड कमी पडला तर ते तपकिरी होतं, दिव्याकडे मान लांबवतं, पण हे हळूहळू घडतं आणि चूक सुधारायला वेळ मिळतो. तेव्हा शंका आली की बटण खाली.

पेटी पाण्यापासून निदान २५ ते ३० सेंटिमीटर वर टांगावी. वर नेली की मधला भडका कमी होतो आणि कडांनाही उजेड पोहोचतो. ९० अंशांच्या भिंगांऐवजी १२० अंशांची मिळाली तर उथळ टाकीला तीच घ्यावीत. लाल-हिरवे एलईडी असलेली पेटी टाळावी. खडकावर रंगीत ठिपके नाचतात, बाकी उपयोग फारसा नाही. सुरुवात निळा ३० टक्के, पांढरा १० टक्क्यांच्या आत. मग दर आठवड्याला ५ टक्के वाढ, प्रवाळाचा चेहरा बघून. १२० सेंटिमीटरच्या टाकीला एक पेटी पुरत नाही, दोन लागतात. आणि टाकीतलं नायट्रोजनचं चक्र बसेपर्यंत, म्हणजे विषारी अमोनिया पचवणारे जिवाणू जमेपर्यंत, दिवा बंदच. त्या काळात उजेड दिला तर फुकटचं शेवाळ तेवढं पोसलं जातं.

टी-फाइव्ह नळ्याही, म्हणजे बारीक ट्यूबलाइटही, चांगल्या. सावली कमी पडते, उजेड सगळीकडे सारखा पसरतो. मात्र प्रत्येक नळीला स्वतंत्र रिफ्लेक्टर हवा, आणि ९ ते १२ महिन्यांनी नळ्या बदलायच्या, मग त्या कितीही लख्ख पेटत असोत. विकत घेतानाचा स्वस्तपणा तिथे संपतो. मेटल हॅलाइड दिव्यांबद्दल एवढंच, की पाणी इतकं तापतं की दिव्यानंतर ते गार करणारा चिलर घ्यावा लागतो.

फोनवरच्या लक्स अॅपवर पार काढणारे बहाद्दर आहेत. लक्स हेही डोळ्यावरच बेतलेलं माप, म्हणून निळ्या उजेडाखाली ते आकडे शोभेचे. खरा पारमीटर दिव्याइतका महाग पडू शकतो, म्हणून तो विकत न घेता एखाद्या जुन्या हौशी माणसाकडून एका संध्याकाळपुरता उसना आणावा. मोजायचं ते पाण्यात: मध्यावर, चारही कोपऱ्यांत, वाळूवर आणि खडकाच्या माथ्यावर. कंपनीच्या तक्त्यातला आकडा बहुधा बरोब्बर दिव्याखालचा असतो. उंची किती, माप पाण्यातलं की हवेतलं, हे विचारलं तर उत्तर मिळतं, “सर, बेस्ट क्वालिटी.” गिऱ्हाइकाला दुकानात वेड्यात काढायला सगळे हजर असतात. खोक्यावर एक ओळ जास्त छापायला मात्र कोणाला जमत नाही.

प्रवाळ विकत घेतानाही हेच. विक्रेता ते निव्वळ निळ्या उजेडात दाखवतो, आणि प्रथिनं चमकल्याने भुरकट तुकडाही पाचूसारखा दिसतो. पांढरा दिवा लावायला सांगावं. कुरकुर झाली तर पुढे जावं.

पेटीच्या पंख्यात खारी हवा ओढली जाते, मीठ साचतं, गंज चढतो. दर महिन्याला प्लग काढून भिंगं आणि जाळी ओल्या फडक्याने पुसावीत. वायरला सॉकेटच्या खाली एक झोळ ठेवावा, म्हणजे ओघळलेलं पाणी सॉकेटपर्यंत न जाता खाली ठिबकतं. विजेची गळती होताच पुरवठा तोडणारा ब्रेकर हवाच. दोन्ही भागांच्या वायरी वेगळ्या असतील तर दोन टायमर लावावेत: निळा १० तास, पांढरा मधले ६. आणि हे सगळं जुळल्यावर घरातलं कोणीतरी टाकीसमोर येणार, “किती अंधार! काही दिसतच नाही,” म्हणणार आणि पांढरं बटण थेट शेवटपर्यंत फिरवणार. बटणांवर चिकटपट्टी लावा.