शेजारच्या फराळापासून बचाव

दिवाळी जवळ आली की शहाण्या माणसाने आधी घरातली जास्तीची ताटं माळ्यावर टाकावीत. ताट हाताशी असलं की ते भरून, वर क्रोशाचा रुमाल घालून शेजारी पाठवायची कुणाला तरी बुद्धी होते, आणि तिथून घोळ सुरू होतो.

गेलेलं ताट परत येतं, तेही रिकामं नाही. घरात काहीच नसलं तर चमचाभर साखर घालून येतं. म्हणजे पुन्हा आपल्याकडे देणं लागलं! आमच्या लालबागच्या चाळीत हा हिशोब वर्षानुवर्षं चालू होता. एवढ्या हिशोबी माणसांना तो मिटवता कसा आला नाही, देव जाणे.

शिवाय फराळातून लोकांच्या घरातलं नको ते कळतं. तळणीत अनारसा हसला की ती बातमी संध्याकाळपर्यंत तिन्ही मजल्यांवर. तांदूळ तीन दिवस भिजवले नव्हते, इथपर्यंत निदान व्हायचं. १९८२ च्या दिवाळीत समोरच्या खोलीतून ताट आलं. आजीने करंजी मोडली, सारण बोटाने चाचपलं आणि म्हणाली, "खोबरं नाय, निस्ता रवा." बस्स. गिरण्यांचा संप १८ जानेवारीला सुरू झालेला, अडीच लाख कामगार घरी बसलेले, हे पेपरात रोज येत होतं. पण समोरच्यांचं डबडं रिकामं झालंय हे त्या करंजीने सांगितलं. माझे वडील पालिकेत, पगार चालू. आजीने ताट ठेवून घेतलं आणि उलट डबा पाठवला. वर लाडू, मध्ये कागद, खाली तांदूळ. समोरच्या काकूंनी लाडू छान झालेत एवढंच सांगितलं. तांदळाचा विषय दोघींनीही काढला नाही.

असल्या भानगडी टाळायच्या असतील तर तयार फराळाचा बॉक्स मागवा. एका मापाच्या, एका रंगाच्या, हवाबंद चकल्या. त्या चकलीवरून समोरच्या फ्लॅटमध्ये कुणाची नोकरी गेलीय हे ओळखून दाखवा! मोबाईलवर पणतीचं चित्र पाठवलं की शेजारधर्मही झाला. त्याला परत साखर घालावी लागत नाही.

राहता राहिलं ते ताट. त्यावर समोरच्यांचं नाव आणि 'सन १९७८' कोरलंय. गिरणी काही पुन्हा सुरू झाली नाही, ते लोक खोली विकून बदलापूरला गेले, पुढे आमच्या चाळीचाही टॉवर झाला. डबा त्यांच्याकडे, ताट आमच्याकडे. दुसऱ्याच्या नावाची भांडी सरळ मोडीत घालावीत, हा सल्ला मी आईला दरवर्षी देतो. ती दरवर्षी ते ताट घासून, पुसून ओट्यावर उभं करते आणि विचारते, "बदलापूरच्या बाजूला कोण जातंय का रे?"