उद्यमनगरकरांच्या प्रतिक्रियेला उत्तर: तयार ओएस असताना हे खूळ कशाला?

मागच्या लेखात मी गावच्या दूध संस्थेसाठी केलेल्या डब्याबद्दल लिहिलं होतं. वजनकाटा आणि मिल्क अ‍ॅनालायझरकडून आकडे घ्यायचे, नोंद करायची, पावती छापायची, एवढंच त्याचं काम. त्यातलं लिनक्स मी बिल्डरूट (हवं तेवढंच लिनक्स मूळ सोर्समधून बांधून देणारं साधन) वापरून स्वतः बांधलं, ते कसं, हा लेखाचा विषय. त्यावर ‘उद्यमनगरकर’ नावानं एका दादांनी चांगलीच लांब प्रतिक्रिया दिलीय. तिचा गाभा असा (रास्पबेरी पाय म्हणजे तळहाताएवढा कॉम्प्युटर, ओएस म्हणजे ऑपरेटिंग सिस्टीम, कर्नल म्हणजे तिचा गाभा, आणि यॉक्टो हे बिल्डरूटसारखंच पण मोठं साधन):

“रास्पबेरी पाय घ्या, तयार ओएस टाका, पायथनची स्क्रिप्ट लावा. दुपारी बसलेला माणूस संध्याकाळी मोकळा. कर्नल कंपाइल करत बसायचं खूळ कशाला? बरं करायचंच तर कंपन्या वापरतात ते यॉक्टो वापरा, बिल्डरूट म्हणजे पोरखेळ. आणि उद्या तुम्ही पुण्याला नोकरीला गेलात तर संस्थेच्या सेक्रेटरीनं कुणाच्या दारात जायचं? पाय येणारी पोरं गल्लोगल्ली मिळतात.”

दादा, जे पटतं ते आधी सांगून टाकतो, म्हणजे भांडण जिथं आहे तिथंच राहील. तुमच्या वर्कशॉपात एक पॅनेल आहे, शेजारी तुम्ही स्वतः उभे, अडलं तर स्क्रीन-कीबोर्ड जोडून बघणारा माणूस हाताशी आहे. तिथं खुशाल तयार ओएस टाका. मीही घरी तेच करतो. एका नगासाठी बिल्डरूटच्या वाटेला जाणं ही निव्वळ हौस.

संकलन केंद्रावरचा डबा वेगळ्या परिस्थितीत जगतो. सकाळी नि संध्याकाळी रांग लागते. किटली काट्यावर, वजन, नमुना अ‍ॅनालायझरला, फॅट आणि एसएनएफ (फॅट सोडून दुधातले बाकीचे घन पदार्थ), पावती हातात, चला, पुढचा. मधेच लाइट जाते. परत आली की रांगेतून एकच प्रश्न येतो, “झालं का चालू?” या डब्याला शटडाउन नावाचा प्रकारच ठाऊक नाही. बंद करायची रीत एकच, खटका खाली.

आता तयार ओएस काय धरून चालते बघा. ती सतत कार्डावर काही ना काही लिहीत असते: लॉग, तात्पुरत्या फायली, पॅकेजांच्या याद्या. शिवाय एसडी कार्डाच्या आतला कंट्रोलर आपल्या मर्जीनं डेटा एका ब्लॉकमधून दुसऱ्यात हलवत असतो. त्या हलवाहलवीत वीज गेली तर ज्या फाइलला कुणी हात लावला नव्हता तीसुद्धा खराब होऊ शकते. ईएक्सटी४ या नेहमीच्या फाइलसिस्टीमचं जर्नल, म्हणजे अर्धवट लिखाण सावरणारी वही, वरच्या मजल्यावर असतं, तळघरातल्या पडझडीवर त्याचा इलाज चालत नाही. म्हणून माझ्या डब्यात मूळ फाइलसिस्टीम स्क्वॅशएफएसची आहे, फक्त वाचता येणारी. लॉग रॅममध्ये. लिहिण्यासाठी एकच छोटं पार्टिशन, त्यात दुधाच्या नोंदी, आणि नोंद स्टोरेजवर पोचल्याशिवाय प्रिंटरला हुकूम जात नाही. पावती आहे पण नोंद नाही, असं होऊन चालत नाही. संस्थेत त्यावरून डोकी फुटतील.

तुम्ही म्हणाल, पायवरही ओव्हरले लावून, म्हणजे सगळं लिखाण कार्डाऐवजी रॅममध्ये वळवून, हे करता येतं. येतं की. रास्पी-कॉन्फिग या सेटिंगच्या प्रोग्रॅममध्ये तसा पर्यायच आहे. पण तो लावला की त्यानंतर केलेला प्रत्येक बदल रीबूट झाल्यावर पुसला जातो, अपडेटसुद्धा. नोंदी मग कुठं ठेवायच्या, त्यासाठी वेगळं पार्टिशन कसं करायचं, हे तुम्हालाच बघावं लागतं. म्हणजे निम्मी वाट तुम्ही माझ्याबरोबर चाललातच, फक्त गडबडीत.

घड्याळाची गोष्ट याहून मजेशीर. पाय ४ पर्यंतच्या पायमध्ये बॅटरीवर चालणारं घड्याळ नाही. पाय ५ मध्ये सोय आली, बॅटरी आपण वेगळी घ्यायची. घड्याळ नसलं की ओएस शेवटची माहीत असलेली वेळ फाइलमध्ये ठेवते आणि चालू झाल्यावर तिथून पुढं मोजायला लागते. इंटरनेट मिळालं की दुरुस्त करते. गावात सकाळी नऊला लाइट गेली, संध्याकाळी पाचला आली आणि रेंज नाही, असं समजा. डब्याच्या हिशोबानं अजून सकाळचे नऊच वाजलेत. संध्याकाळचं दूध सकाळच्या पाळीत चढतं, आणि दहा दिवसांचं बिल निघताना सेक्रेटरी आणि गवळी एकमेकांचे पूर्वज आठवतात. मी वापरलेल्या बीगलबोन ब्लॅक या बोर्डावरही बॅटरीचं घड्याळ नाही, म्हणून डीएस३२३१ ही घड्याळाची चिप आयटूसी बसवर (चिपा जोडायच्या दोन तारांवर) जोडली. डिव्हाइस ट्रीमध्ये, म्हणजे बोर्डावर काय काय जोडलंय हे कर्नलला सांगणाऱ्या फाइलमध्ये, चार ओळींचा एक नोड: चिपचं नाव आणि बसवरचा पत्ता, हेक्समध्ये ६८. ड्रायव्हर डीएस१३०७ च्या नावाचाच, तोच या चिपलाही चालवतो. मी तो मॉड्यूल न ठेवता कर्नलमध्येच बांधला, म्हणजे माझा प्रोग्रॅम उठण्याआधी वेळ लागलेली असते.

हेही पायवर एका ओळीत होतं, कबूल. मग फरक कुठं पडतो? ती ओळ राहते कुठं, यात. कार्डावर. आज घड्याळाची ओळ, उद्या सिरियल पोर्टवरचा लॉगिन कन्सोल बंद करायची, परवा प्रिंटरच्या परवानगीची. अशा ओळी साठत जातात आणि त्यांचा हिशोब एका कार्डाच्या पोटात किंवा एका माणसाच्या डोक्यात राहतो. दुसऱ्या संस्थेला डबा हवा झाला की आपल्याकडची सर्रास पद्धत काय? ‘मास्टर कार्ड’ची कॉपी मारायची. मग सोळा जीबीचं कार्ड दुसऱ्या कंपनीचं निघतं, ते पहिल्यापेक्षा किंचित लहान असतं, आणि इमेज शेवटाला येऊन अडते. अडली नाही तरी प्रत्येक डब्यात दुरून लॉगिन करायच्या त्याच एसएसएचच्या किल्ल्या, तोच मशिन आयडी, आणि टेस्टिंगच्या वेळी टाकलेला तुमच्या घरच्या वायफायचा पासवर्ड.

तुम्ही उद्यमनगरातले, शिरोलीच्या फाउंड्र्यांशी तुमचा रोजचा संबंध असणार. पॅटर्न (ज्यावरून साचा करतात तो मूळ नमुना) हरवला म्हणून कुणी जुन्या कास्टिंगलाच पॅटर्न समजून साचा केला तर काय होतं, ते मी तुम्हाला सांगायला नको. धातू आकसतो, नवा नग मापाला कमी भरतो, आणि जुन्यातले खड्डे-फोड फुकटात मिळतात. कार्डावरून कार्ड काढणं हे तेच आहे. बिल्डरूटमध्ये माझ्याकडे पॅटर्न असतो: एक डेफकॉन्फिग फाइल (काय काय बांधायचं त्याची निवड), कर्नलचं कॉन्फिग, डिव्हाइस ट्रीचा पॅच, ओव्हरलेचं एक फोल्डर (वरच्या पायच्या ओव्हरलेशी संबंध नाही, यातल्या माझ्या फायली तयार इमेजमध्ये जशाच्या तशा टाकल्या जातात) आणि माझ्या प्रोग्रॅमचं पॅकेज. सगळं गिटमध्ये, म्हणजे प्रत्येक बदलाची नोंद ठेवणाऱ्या साधनात. ‘मेक’ ही कमांड दिली की टूलचेन (कंपायलर वगैरे), यू-बूट (कर्नल चालू करून देणारा प्रोग्रॅम), कर्नल, बिझीबॉक्स (नेहमीच्या कमांडांचा छोटा संच) असं एकेक बांधलं जातं आणि शेवटी इमेज हातात येते. पॅकेजचा सोर्स उतरवला की नोंदवलेल्या हॅशशी (फाइलच्या ठशाशी) ताडून बघितला जातो, जुळला नाही तर काम तिथंच थांबतं. इमेज लहान होते, लवकर बूट होते, हे फायदे आहेतच. पण मला त्यांचं फार कौतुक नाही. तीच वस्तू पुन्हा काढता येते, म्हणून मी हे करतो.

आता गल्लोगल्लीच्या पोरांबद्दल. पोरं हुशार आहेत, त्याबद्दल वाद नाही. पण २०२३ च्या ऑक्टोबरात रास्पबेरी पाय ओएसची बुकवर्म आवृत्ती आली. पायथनची पॅकेजं टाकणाऱ्या पिपनं थेट सिस्टीममध्ये पॅकेज टाकायला नकार दिला, नेटवर्क सांभाळायला डीएचसीपीसीडी जाऊन नेटवर्क मॅनेजर आला, बूटच्या सेटिंगची फाइल बूट फोल्डरमधून आतल्या फर्मवेअर फोल्डरमध्ये गेली. ज्यानं जुनी स्क्रिप्ट जपून ठेवली होती त्याला नव्या कार्डावर सगळं नव्यानं जुळवावं लागलं. बरं, जुनीच आवृत्ती धरून बसावं तर डेबियनच्या (रास्पबेरी पाय ओएस ज्यावर उभी आहे त्या लिनक्सच्या) जुन्या आवृत्त्या काही वर्षांनी नेहमीच्या सर्व्हरवरून हलवून आर्काइव्हमध्ये टाकतात. यात कुणाचा दोष नाही. लाखो लोकांसाठीची ओएस पुढं सरकणारच. माझ्या डब्यानं मात्र तिच्यामागं फरफटत का जावं?

तुमचा तिसरा मुद्दा, मी गेल्यावर कोण, हा खरा वजनदार. त्याचं उत्तर मी संस्थेच्या कपाटात ठेवलंय. ‘मेक सोर्स’ म्हटलं की लागणारे सगळे सोर्स एका फोल्डरमध्ये उतरतात. ते फोल्डर, बिल्डरूटची ती आवृत्ती, माझी गिट रेपो, आणि ज्या डेबियनवर हे बांधलं त्याची व्हर्च्युअल मशिन (एका फाइलीत बंद केलेला अख्खा कॉम्प्युटर). शेवटची विसरू नका. जुनं बिल्डरूट दहा वर्षांनंतरच्या नव्या कॉम्प्युटरवर, नव्या जीसीसी कंपायलरवर जसंच्या तसं चालेल याची खात्री नसते. हे सगळं एका पेन ड्राइव्हवर मावतं. इंटरनेट नसतानाही यातून तीच इमेज निघते. एक प्रत संस्थेत, एक माझ्या मावशीकडं, पंचगंगेच्या पूररेषेपासून लांब. २०१९ आणि २०२१ बघितलेल्या माणसाला याचं कारण विचारू नका.

सेक्रेटरीला यातलं काही कळत नाही, आणि कळायची गरजही नाही. त्यांना मेक येणारा माणूस शोधायचाय, माझी आठवण येणारा नाही. असा माणूस कोल्हापुरातल्या कुठल्याही इंजिनिअरिंग कॉलेजातून बाहेर पडलेला असू शकतो. त्याला माझ्या डोक्यात शिरावं लागणार नाही, फायली वाचल्या की पुरे.

याच पेन ड्राइव्हवर ‘मेक लीगल-इन्फो’नं काढलेलं फोल्डरही आहे: कुठलं पॅकेज, कुठलं लायसन्स, कुठला सोर्स. डबा विकला म्हणजे त्यातलं लिनक्स आणि बिझीबॉक्स तुम्ही वाटलंत, आणि जीपीएल या त्यांच्या लायसन्सप्रमाणे घेणारा सोर्स मागू शकतो. २००७ मध्ये अमेरिकेत बिझीबॉक्सवरून कंपन्या कोर्टात खेचल्या गेल्या होत्या. आपल्याकडं कुणी अजून विचारत नाही म्हणून फोल्डर काढूच नये असं थोडंच आहे? एका कमांडचं तर काम.

आता यॉक्टो. २०१० मध्ये लिनक्स फाउंडेशननं जाहीर केलेला हा प्रकल्प, ताकदीबद्दल प्रश्नच नाही. बांधकाम चालवणारं बिटबेक, पॅकेज कसं बांधायचं ते सांगणाऱ्या रेसिपी, रेसिपींचे गठ्ठे म्हणजे लेअर. एकदा बांधलेलं पुन्हा न बांधता कॅशमधून उचलायची सोय. एलटीएस, म्हणजे दीर्घ मुदतीच्या, आवृत्तीला चार वर्षं सपोर्ट. आणि बरेच चिप बनवणारे आपला सपोर्ट लेअरच्या रूपात देतात. तुमच्याकडं पाच मॉडेल असतील, तीन वेगवेगळे बोर्ड असतील आणि चार माणसांची टीम असेल तर यॉक्टोच घ्या, मी स्वतः शिफारस करीन. पण त्यांची मार्गदर्शिकाच अलीकडच्या आवृत्त्यांसाठी ९० जीबी किंवा त्याहूनही जास्त मोकळी जागा मागते. एक डबा, एक माणूस, एक लॅपटॉप, या हिशोबात ते बसत नाही. उद्या कपाटातला पेन ड्राइव्ह उघडणाऱ्या पोराला बिल्डरूटचं मेनूकॉन्फिग (निवडी करायचा मेनू) अर्ध्या दिवसात समजेल. यॉक्टोचे लेअर एकमेकांवर कसे चढलेत, कुठल्या फाइलनं कुठली ओळ बदलली, हे समजायला त्याला बराच घाम गाळावा लागेल.

आणि पोरखेळ म्हणाल तर, बिल्डरूट यॉक्टोपेक्षा जुनं आहे. यूसीलिबसी या छोट्या सी लायब्ररीच्या मंडळींनी ते सुरू केलं, ओपनडब्ल्यूआरटी या राउटरच्या लिनक्सची बिल्ड सिस्टीम त्यातूनच फुटली, आणि दर तीन महिन्यांनी नवी आवृत्ती येते. खोड सांगायची तर एक मोठी आहे: कॉन्फिगमधून पॅकेज काढलं तरी आधी बांधलेल्या फायली तशाच पडून राहतात. ‘मेक क्लीन’ करून पहिल्यापासून बांधावं लागतं. अशा वेळी लॅपटॉप रात्रभर चालू ठेवून झोपायचं, दुसरा इलाज नाही.

तुम्ही न विचारलेला, पण विचारायला हवा होता असा प्रश्न सुरक्षेचा. तयार ओएसमध्ये अपडेट करायला निदान एक कमांड असते. इथं ओपनएसएसएल या एन्क्रिप्शनच्या लायब्ररीत भोक सापडलं तर नवी इमेज मीच बांधून पोचवायची. हे ओझं खरं आहे. त्यासाठी डब्यात दोन सिस्टीम पार्टिशन ठेवलेत आणि आरएयूसी हे अपडेटचं साधन वापरलंय: नवी इमेज रिकाम्या पार्टिशनवर जाते, यू-बूट तिथून बूट करून बघतं, ठरावीक वेळा फसलं की जुन्यावर परततं. अपडेट चालू असताना लाइट गेली तरी जुनं पार्टिशन शाबूत. आणि कुठल्या पॅकेजमध्ये कुठली त्रुटी जाहीर झालीय याची यादी बिल्डरूटचं ‘पीकेजी-स्टॅट्स’ काढून देतं.

ही यादी दूध संस्थेला कुणी मागणार नाही. तुमच्याकडं मात्र मागतील. युरोपचा सायबर रेझिलियन्स कायदा १० डिसेंबर २०२४ पासून अमलात आलाय. ११ सप्टेंबर २०२६ पासून गैरवापर होत असलेल्या त्रुटी कळवायचं बंधन, आणि ११ डिसेंबर २०२७ पासून बाकीच्या मुख्य अटी. गोकुळ शिरगाव किंवा कागलच्या एमआयडीसीतून कुणाचं मशिन तिकडं जात असेल आणि त्याच्या पॅनेलमध्ये तुमचं कार्ड असेल, तर आत काय काय आहे याची यादी त्या मशिनवाल्याला तयार ठेवावी लागेल. तो ती तुमच्याकडंच मागणार.

तुमच्या पॅनेलमध्ये कुठला बोर्ड आहे आणि पीएलसीशी (मशिन चालवणाऱ्या कंट्रोलरशी) मॉडबस सिरियलवर बोलतो की इथरनेटवर, तेवढं खाली लिहा. बिल्डरूटमध्ये बऱ्याच बोर्डांचे डेफकॉन्फिग तयार असतात, त्यात तुमचा आहे का ते बघून सांगतो. नसला तर मात्र यू-बूटपासून सुरुवात आहे, आणि मग चहा तुमच्याकडं.