‘तो’ म्हटलं म्हणून देव बाप्या झाला का?

आमच्या सोसायटीच्या ग्रुपवर परवा एक फॉरवर्ड आलं. दोन दिवसांत तेच मावसबहिणीकडून आलं, मग एका भजनी मंडळाच्या ग्रुपवरून. मथळा: ‘देव पुरुषच आहे, हे घ्या पुरावे.’ खाली हात जोडलेल्या इमोजींची रांग. म्हणणं थोडक्यात असं: ‘देव’ शब्द पुल्लिंगी. उपनिषदांनी त्याला ‘पुरुष’ म्हटलं. संतांनी बाप म्हणून हाक मारली. जगातल्या सगळ्या धर्मांत तो ‘तो’च. देव्या म्हणजे देवांच्या बायका, म्हणून दुय्यम. आणि ताजा कलम: म्हणून गाभाऱ्याचा मान पुरुषांचा.

मी आयुष्यभर मुद्रितं तपासली आहेत. लिंग-वचनाचा घोळ दिसला की हात शिवशिवतो.

पहिला पुरावा व्याकरणाचा. ‘देव’ पुल्लिंगी आहे, मान्य. पण त्याच देवाला ‘देवता’ म्हणा, की ती झाली. ‘दैवत’ म्हणा, की ते झालं. ‘मारुती ही आमची ग्रामदेवता’ असं आपण बिनधास्त लिहितो, म्हणून मारुतीला कुणी लुगडं नेसवत नाही. त्र्यंबकेश्वरला गाभाऱ्याशी उभं राहा. शंकर तो. त्याची पिंड ती. पिंडीच्या खोलगट भागात अंगठ्याएवढी तीन लिंगं आहेत, ब्रह्मा, विष्णू आणि महेशाची; त्यातलं प्रत्येक ते. एका नजरेत तिन्ही लिंगं उरकली. माणसाचा चेहरा घ्या: डोळा तो, हनुवटी ती, नाक ते. संस्कृतात तर बायकोसाठी ‘भार्या’ स्त्रीलिंगी, ‘कलत्र’ नपुंसकलिंगी आणि ‘दार’ चक्क पुल्लिंगी, वर नेहमी अनेकवचनी. फॉरवर्डचा न्याय लावला तर या तिसऱ्या शब्दासरशी बायकोला मिशा फुटायला हव्यात.

दुसरा पुरावा उपनिषदांचा. ‘पुरुष’ हा शब्द तिथे आहे, पण बृहदारण्यकच त्याची फोड ‘पुरिशय’ अशी करतं: शरीररूपी पुरात राहणारा. हे पूर बाईचंही असतं. ज्याच्यापाशी सगळी उपनिषदं येऊन थांबतात ते ब्रह्म नपुंसकलिंगी आहे, आणि ‘तत् त्वम् असि’ मधलं ‘तत्’ म्हणजे ‘ते’. श्वेताश्वतर तर समोर उभं राहून सांगतं, ‘त्वं स्त्री त्वं पुमानसि, त्वं कुमार उत वा कुमारी.’ तू बाई, तू बाप्या, तू मुलगा, तू मुलगी. पुढच्याच चरणात तो काठी टेकत चालणारा म्हातारा होतो. एवढं स्वच्छ वाक्य फॉरवर्ड लिहिणाऱ्याच्या नजरेतून कसं सुटलं, कोण जाणे.

तिसऱ्या मुद्द्यावर मात्र मला हसू आवरलं नाही, कारण फॉरवर्ड टाकणारे काका दर गणपतीत आमच्या पार्किंगमध्ये आरती सांगतात. नामदेवांची ‘येई हो विठ्ठले, माझे माउली ये’ ही त्यांची हुकमी आरती. शेवटचा ‘ये’ ते इतका लांबवतात की पोरं ताटातला कापूर विझेल म्हणून बघत बसतात. काकांनी कधी ‘विठ्ठले’ कडे नीट पाहिलंय का? पुरुषाला हाक मारायची तर ‘विठ्ठला’. ‘विठ्ठले’ ही बाईला मारलेली हाक आहे, ‘गंगे’, ‘राधे’ सारखी. आणि थोडं पुढे त्याच आरतीत ‘गरुडावरी बैसोनि माझा कैवारी आला’. एका आरतीत आई येते आणि कैवारी पोचतो. नामदेवांना त्यात काही खटकलं नाही आणि टाळ्या वाजवणाऱ्या आपल्यालाही नाही.

बाप म्हणून हाक मारली हेही खरंच. एकनाथांनी ‘बाप आणि आई’ असं जोडीनं म्हटलं, जनाबाईने सरळ ‘विठाबाई’ म्हटलं.

आता त्र्यंबकलाच परत येतो, कारण तिथे निवृत्तिनाथांची समाधी आहे, आणि त्यांच्या धाकट्या भावाने, शिष्याने, हा प्रश्न एका ओवीत मिटवून ठेवलाय. अमृतानुभवाची पहिलीच मराठी ओवी: ‘ऐशीं इयें निरुपाधिकें, जगाचीं जियें जनकें, तियें वंदिलीं मियां मूळिकें, देवोदेवी.’ ‘इयें’, ‘जियें’, ‘तियें’, तिन्ही नपुंसकलिंगी अनेकवचनं. मराठीत बाई आणि बाप्या एकत्र आले की आपण ‘ती दोघं आली’ म्हणतो, ‘ते दोघे’ नाही. ज्ञानेश्वरांनी जगाच्या आईबापांसाठी घरातलं हेच व्याकरण वापरलं. ‘तो’ची एवढी ओढ असती तर ‘देवो’ म्हणून थांबता आलं असतं.

‘सगळ्या धर्मांत तो’ हा मुद्दा घाईत लिहिलेला दिसतो. फारसीतलं ‘ऊ’, तुर्कीतलं ‘ओ’, बंगालीतलं ‘से’ ही सर्वनामं स्त्री-पुरुष दोघांना चालतात, तिथे देव तो की ती हा प्रश्न सर्वनामात उमटतच नाही. अरबीत आणि हिब्रूत नपुंसकलिंग नाही, दोनांतलं एक निवडावंच लागतं. अल्लाहसाठी ‘हुवा’ येतं, पण त्याच्यासारखं काहीच नाही असं कुराणच सांगतं, आणि ‘रहमान’, ‘रहीम’ ही नावं ज्या धातूची, त्याच धातूचा गर्भाशयाला शब्द आहे. नाशिकरोडला बाळ येशूच्या यात्रेला जाणारे येशू पुरुष म्हणून जन्मला असं मानतात, बरोबर. पण कॅथलिक चर्चच्या १९९२ च्या धर्मशिक्षणग्रंथात देव पुरुषही नाही आणि स्त्रीही नाही असं स्पष्ट लिहिलंय. बायबलमधल्या यशयाच्या पुस्तकात, ६६ व्या अध्यायात, देव आईसारखं सांत्वन करतो. गंमत म्हणजे चर्चचा तो धर्मशिक्षणग्रंथ पुढे पुन्हा ‘तो’च म्हणतो. सवय जात नाही.

‘देव्या म्हणजे बायका’ हे नाशिक जिल्ह्यात बसून लिहायला धाडसच हवं. लक्ष्मी, रुक्मिणी पत्नी आहेत, कोण नाही म्हणतो? पण वणीच्या गडावर सप्तशृंगीला जा. अठरा हात, अठराही हातांत काहीतरी, साडी अकरा वार. देवीमाहात्म्यात सगळ्या देवांचं तेज एकवटून ती प्रकटते आणि देव आपापली शस्त्रं तिच्या हाती देतात, कारण महिषासुर त्यांना आवरत नाही. गडाच्या पायऱ्या चढणारा कुणी तिचा नवरा कोण म्हणून विचारत नाही. कोजागिरीला तिथे राज्यभरातून तृतीयपंथी जमतात. त्यांनी देवीला तिचं लिंग विचारलेलं नाही आणि तिनेही त्यांना नाही.

मग ‘तो’ एवढा पसरला कसा? फॉरवर्डमध्ये खरं एवढंच आहे, की ‘तो’ जास्त ऐकू येतो. निम्मं उत्तर व्याकरणात आहे, वर सांगितलंच. उरलेलं निम्मं माणसांत. प्रभू, स्वामी, नाथ, राजा हे दरबाराचे शब्द आणि दरबार पुरुषांचा. पोथ्या लिहिणारे, सांगणारे बहुतेक पुरुष. ज्याच्या हातात सत्ता त्याचं रूप देवाला चिकटलं. याला नुसतं व्याकरण म्हणून मी सोडून देणार नाही. पिढ्यान्पिढ्या ‘तो’ ऐकलेल्या पोराला देव काढायला सांगितला तर तो दाढीवालाच काढेल. पण देव दरबारातून जात्यापाशी आला तेव्हा दळणारीच्या तोंडी तो विठाबाई झाला. देव तोच, बोलणारं माणूस बदललं.

राहिला ताजा कलम. २०१६ साली मुंबई उच्च न्यायालयाने १९५६ च्या मंदिरप्रवेशाच्या कायद्यावर बोट ठेवून सांगितलं, की पुरुषांना जिथे जाता येतं तिथे स्त्रियांना अडवता येत नाही. देव तो की ती, यावर तिथे काही अवलंबून नव्हतं. आणि देव पुरुष म्हणून मान पुरुषांना, असं ज्यांना अजूनही वाटतं त्यांनी पंचवटीत काळारामाच्या दारापर्यंत चालत जावं. २ मार्च १९३० ला डॉ. आंबेडकरांच्या नेतृत्वाखाली इथे सत्याग्रह सुरू झाला, तो काही वर्षं चालला. आत राम, म्हणजे देव पुरुषच. बाहेर अडवलेल्यांत शेकडो पुरुष होते.